हवेतला माणूस

पंच्याहत्तर सालच्या आसपास सोलापुरात रविवारी सकाळी जुने तेलुगू सिनेमे लागत. तिथं माझ्या शेजारी एक विणकर बसायचा. केसांत मागावरची कापसाची तुसं, खांद्यावर स्वतः विणलेला टॉवेल. तरुणपणी मद्रासला मारामारीच्या सिनेमांतल्या एका हिरोच्या जागी उड्या त्यानं मारल्या होत्या. तोंड हिरोचं, पाठ ह्याची. हिरो कड्यावरून नदीत झेपावला की थेटर शिट्ट्यांनी भरून जायचं आणि हा टॉवेलात तोंड लपवायचा.

"अण्णा, बघत का न्हाई तुमी?" एकदा मी विचारलं.

"उडी मारतानाबी डोळे मिटलेलेच होते की."

मग टॉवेलाआडूनच त्यानं हळूच विचारलं, "पडलो का?"

पडद्यावरची नदी केव्हाच शांत झाली होती.

"न्हाई," मी म्हणालो, "अजून हवेतच हायसा."