तीन भाऊ आणि एक बुकिंगचा नंबर

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. कोणी विचारलं नाही तरी सांगते. वेब डिझाइनचा कोर्स पुसदला केला आणि पहिलं काम मिळालं आर्णीकडच्या एका मंगल कार्यालयाचं. मालक तिघं सख्खे भाऊ. साइटवर तिघांचे फोटो आणि खाली बुकिंगचा नंबर, एवढंच काम.

आधी थोरल्यांचा फोन आला. "पोरी, माया फोटो मोठा पाह्यजे. जागा माया नावावर हाय."

सीएसएस म्हणजे पानावर काय कसं दिसावं याचे नियम. एखाद्या नियमाला 'इम्पॉर्टंट' जोडलं की तो बाकीच्या नियमांना जुमानत नाही. याची सवय लावू नका, असं क्लासच्या मॅडमनी बजावलं होतं. पण मॅडमना आमच्याकडचे थोरले भाऊ कुठं माहीत. मी जोडलं.

मग मधले. "आचारी, मांडव, सारं मी पाहतो. मंग मीच काहून लहान?" जोडलं.

धाकटे म्हणाले, "ताई, यंदा मी निवडणुकीले उभा राहून राह्यलो." त्यांना तर दिसेल तिथं जोडलं.

लॅपटॉपवर तिघंही राजबिंडे दिसले. मी कार्यालयात बसून उरलेलं काम करत होते, तेव्हा उमरखेडहून एका मुलीचे वडील एसटीनं आले आणि मोबाइल थोरल्यांपुढं धरला.

"नंबर कुठी हाय जी? तुमच्या भावाच्या नाकावर दाबून दाबून अंगठा दुखला माया."

मोबाइलवर धाकट्यांचा फोटो बरोब्बर नंबरावर बसला होता. मुलीच्या वडिलांना हवी होती ती तारीख तोवर दुसऱ्याला गेलेली. ते समोरच्या कार्यालयात निघून गेले.

थोरले माझ्याकडं वळले. "साइट कार्यालयाची हाय का आमच्या तेरवीची? उद्यापर्यंत नंबर नाही दिसला तं काम दुसऱ्याले देतो."

मी तिथंच मोबाइलसाठी नवा नियम लिहिला, 'फोटो लहान व्हा'. कोणी हललं नाही. जो तो आपलं इम्पॉर्टंट धरून बसलेला. आणखी एक इम्पॉर्टंट लिहून पाहावं, असं मनात आलं, पण मग गावात चौथा पुढारी झाला असता. सगळेच इम्पॉर्टंट पुसले. तिघांना मिळून एक नियम, एक माप. नंबर सगळ्यात वर.

थोरल्यांनी मोबाइल लांब धरला, मग जवळ आणला. "आम्ही तिघं सारखेच? मंग मोठा कोन हे लोकायले कसं समजन?"

"काका, ज्याला तारीख पाहिजे त्याच्यासाठी नंबर मोठा."

मधल्यांनी खात्री करायला नंबर दाबला. थोरल्यांच्या खिशात फोन वाजला. थोरले खूश झाले. "बराबर हाय. सगळ्यात वर मीच हाव."

"मंग आमचे नंबर काहून नाही?" मधले आणि धाकटे एकदमच बोलले.

तेही टाकले. एका रांगेत, एका मापाचे, कोणाला काही न जोडता. काम माझ्याकडंच राहिलं.