चुलत्याची ओवी

आमच्या वस्तीवर बिरोबाची ओवी एकट्यानं म्हणायची नसते. पुढच्यानं एक ओळ टाकायची आणि मागं बसलेल्यांनी तिचा शेवट उचलून परत म्हणायचा. याला झील धरणं म्हणतात. झील आली की देवाचा होकार मिळाला, मगच पुढची ओळ. नाही आली तर देवाची मर्जी नाही असं समजून ओवी तिथंच ठेवायची. आम्ही जत तालुक्यातले धनगर, आमच्यात हे असंच चालत आलेलं. माझा धाकटा चुलता, ज्याला आम्ही तात्या म्हणायचो, तो पुढचा. देवाच्या जन्मापासून तो आमच्या माळावर येऊन बसेपर्यंतची सगळी कथा त्याला तोंडपाठ होती, आणि कागदावर त्यातलं एक अक्षर नव्हतं. मला लहानपणी झील धरायला बसवलं की मी पळून जायचो. शाळेतली पोरं हसतील याची लाज वाटायची. पुढं शिकून मी इस्लामपुरात मास्तर झालो. शहाणा झालो म्हणायचं.

काही वर्षांपूर्वी वस्तीवर एका महाराजांचा सत्संग सुरू झाला. मटण बंद, दारू बंद, गळ्यात माळ. बघता बघता एकूण एक घर त्यात गेलं. मग कातडं अपवित्र ठरलं, आणि आमचे ढोल तर कातड्याचेच. एका रविवारी आरती झाल्यावर सगळ्यांनी ढोल पटांगणात आणले आणि ज्याचा त्यानं विळ्यानं फोडला. सक्ती कोणीच केली नव्हती, हे मला अजून गिळवत नाही. तात्यानंही फोडला. मी पोचलो तेव्हा त्याच्या ढोलाचं लाकडी खोड चुलीपाशी सरपणात पडलं होतं. माझं डोकंच फिरलं. मी दारातच भांडायला लागलो.

चुलती बाहेर आली. "आरं मास्तरा, त्येंची दारू सुटली. लय वर्सं मार खाल्लाय मी. ढोलापायी ती परत आणू व्हय घरात?"

मी चहा घेतला आणि परत आलो.

ओवीला तरी विळा लागणार नाही असं मला वाटत होतं. पण बोकड खाणाऱ्या देवाची म्हणून तीही बंद झाली. झील धरणारे दोन म्हातारे वारले, उरलेले भजनाला बसायला लागले. मी दर सुट्टीत जाऊन तात्याच्या मागं लागायचो, एकदा म्हणा, फोनमध्ये भरून घेतो. तो माळेला हात लावून म्हणायचा, "न्हाई रं गड्या. शपथ घेतलीया."

गेल्या उन्हाळ्यात त्यानं अंथरूण धरलं आणि मला निरोप धाडला. दुपारची वेळ, घरात आम्ही दोघंच. त्यानं माळ काढून उशाखाली ठेवली. "काढ तुजा फोन," म्हणाला. मी पंखा बंद केला, दार लावून घेतलं आणि फोन त्याच्या तोंडाजवळ धरला. आवाज स्वच्छ आला पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्यानं पहिली ओळ टाकली. आवाज फाटला होता, पण चाल तीच होती. ओळ संपल्यावर तो थांबला आणि माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, दम खातोय. मध्ये आवाज नको म्हणून मी श्वाससुद्धा रोखून धरला.

थोड्या वेळानं त्यानं मान फिरवली. "द्येव न्हाई म्हणतोय," म्हणाला, आणि उशाखालची माळ काढून परत गळ्यात घातली.

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. "तात्या, मी हाय की! मी धरतो झील!" मी ओरडलो, भलत्याच सुरात ओळ उचललीसुद्धा. त्यानं नुसता हात हलवला. देवाला एकदाच विचारायचं असतं.

पंधरा दिवसांनी तो गेला.

फोनमध्ये ती एक ओळ आहे. तिच्यानंतर बराच वेळ काही नाही, फक्त बाहेर एक शेळी ओरडते. मी ती ओळ पुन्हा पुन्हा लावतो आणि दर वेळी झील धरतो. सूरही आता बरा लागतो. पुढची ओळ येत नाही.