आठ दिवसांची तालीम

जन्मभर मी कोर्टात टायपिस्ट होते. निवृत्त झाल्यावर एक काम अंगावर ओढून घेतलं: वकील न लावता आपली केस आपणच लढवणाऱ्या बायकांना अर्ज लिहून द्यायचा आणि तारखेला कौटुंबिक न्यायालयात त्यांच्या मागं बसायचं. बोलायचं मात्र त्यांनी. मला तिथं तोंड उघडायची परवानगी नाही, आणि माझं तोंड तर आवरत नाही.

मंद्रूपकडची एक बाई आली. नवऱ्यापासून वेगळी होऊन सोलापुरात टॉवेल शिवायला जायची. "अक्का, सहा वर्षांची पोरगी हाय माजी. नवरा मागतोय," म्हणाली. ही कामावर जाते, पोर दिवसभर उघड्यावर फिरते, म्हणून निकाल लागेपर्यंत मुलगी माझ्या ताब्यात द्या, असा त्याचा अर्ज. धादांत खोटं! पोर शाळेत असायची तेव्हाच ही कामावर असायची, आणि शाळा सुटल्यावरचा अर्धा तास शेजारची चाची तिला बघायची.

लेखी म्हणणं मी लिहून दिलं. पण जज मॅडम तोंडून विचारणारच. म्हणून आठ दिवस माझ्या स्वयंपाकघरात तालीम चालली. मी मॅडम झाले. नवरा होऊन तर असं काही टोचून बोलले की तीही तडातडा बोलायला लागली. "आता कशी!" मी म्हटलं.

"आता न्हाई भीत मी," ती हसून म्हणाली. "बोलते की."

तारखेला मुलीलाही आणायला सांगितलं होतं; तिला बाहेर बाकावर बसवलं. मॅडमनी नवऱ्याला विचारलं, "मुलीला घरी कोण सांभाळणार?"

"माझे वडील. बाहेरच बसलेत."

"बोलवा त्यांना."

सासरे आत आले आणि हिनं पदर डोक्यावर ओढला, भिंतीकडं सरकली, मान खाली घातली. त्यांच्या घरात सून सासऱ्यापुढं बोलत नाही. सात वर्षं ती नांदली, पण त्यांच्यासमोर तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं की! माझ्या आईनंही जन्मभर तेच केलं. पण तालमीत सासरा व्हायचं काही मला सुचलं नाही.

"तुमचा कागद मी वाचलाय," मॅडम म्हणाल्या. "मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्ही कामावर असता तेव्हा मुलगी कुठं असते?"

मॅडमनी पुन्हा विचारलं. पदराआड तिचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता.

"अगं, बोल की!" मी मागून ओरडले.

मला बाहेर काढलं. सासऱ्यांना जरा बाहेर बसवा, एवढंच मला म्हणायचं होतं. तेवढं सोडून मी त्या पोरीवरच ओरडले. जळलं मेलं माझं तोंड!

पुढच्या तारखेपर्यंत मुलगी बापाकडं, असा हुकूम झाला. नवरा पुढं गेला. सासरे नातीचं बोट धरून जिना उतरायला लागले. पोर सारखी मागं वळून म्हणत होती, "आई, तू पण चल की." आई पदर दातात धरून भिंतीला टेकून उभी होती. तिनं पोरीला हाकसुद्धा मारली नाही, कारण सासरे अजून जिन्यावर होते.

ते फाटकाबाहेर गेले तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला. माझ्याकडं वळली, हात जोडले आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात बोलायला लागली, "मॅडम, माझी मुलगी साडेदहाला शाळेत जाते. साडेपाचला सुटते. मी सहाला घरी येते. तोवर ती शेजारच्या चाचींकडं असते. एक दिवससुद्धा ती एकटी राहिलेली नाही."

आठ दिवस घोकलेलं सगळं तिनं म्हटलं. एक शब्द चुकला नाही.

मग हात तसेच जोडलेले ठेवून तिनं मला विचारलं, "बरोबर सांगितलं न्हवं, अक्का?"

"बरोबर," मी म्हटलं.