माल न बसणारी गाडी

दिवाकरराव कुठल्याही दुकानात शिरले की आधी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवत. सोनाराकडे तसेच, चपलांच्या दुकानात तसेच, बाजारात वांग्यांच्या ढिगापुढेही तसेच. मान वाकवून, डोळे बारीक करून बघायचे, पण वस्तूला बोट लावायचे नाहीत. "मालाले हात लागला का मन लागते, अन् मन लागलं का भाव चढते," हे त्यांचं आयुष्यभराचं सूत्र.

गांधीबागेत त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि गल्ल्यावर बसले की हेच सूत्र ते उलटं वापरत. बाई "नको, नुसतं बघते" म्हणत असतानाच साडीचा पदर तिच्या हातात दिलेला असे. "घेऊ नका. नुसता पोत पाहा," असं म्हणून ते दुसरीकडे बघत बसत. साडी बहुधा खपे.

नात्याने ते माझे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, नलूताईंचे यजमान. वयाने बारा वर्षांनी मोठे, म्हणून मला अरेतुरे करत आणि तरीही 'साडूभाऊ' म्हणत. मी एका सरकारी कार्यालयात लेखापाल. व्यवहार दोन्ही बाजूंनी जुळला नाही तर मला जेवण जात नाही. आमच्या घरात पैशाचा प्रश्न आला की मला बोलावतात आणि मग माझं ऐकत नाहीत.

एका रविवारी ते आमच्याकडे आले, खुर्चीत बसले आणि डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा कप त्यांच्या कोपराने खाली गेला. फुटलेल्या कपाकडे बघत ते म्हणाले, "काचबिंदू हाय म्हणते डॉक्टर. समोरचं दिसते, बाजूचं चाललं. सालभर गाडी चालवा म्हणते, मंग चावी ठेवून द्या."

"मग आता काय करायचं ठरवलंय?" मी विचारलं.

"काय करतो? गाडी घेतो."

मी म्हटलं, "दिवाकरराव, ज्याला वर्षभराने गाडी चालवता येणार नाही, त्याने गाडी विकायची असते."

"ते तुया हिशोबात. माह्या हिशोबात अजून साल बाकी हाय."

आणि गाडी तरी कोणती? जुनी, विलायती, उघड्या टपाची, दोनच माणसं बसणारी. शर्यतीत पळवायच्या जातीची. मी कारण विचारलं. "चाळीस साल स्कूटरच्या मागं गठ्ठे बांधून फिरलो गा. माह्या लग्नाच्या वरातीतही मागं एक गठ्ठा होता. आता मले अशी गाडी पाहिजे का जिच्यात माल बसतच नाही." मला ते पटलं. त्याचाही राग आला.

मर्यादा तीन लाखांची ठरली. बाकीचे पैसे डोळ्यांच्या उपचारासाठी बाजूला. इतपत शहाणपण नलूताईंनी त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं. पण स्वतःवर त्यांचा भरवसा नव्हता. तीन लाख त्यांनी माझ्या खात्यात टाकले आणि बजावलं, "साडूभाऊ, मी रडलो तरी तीनच्या वर देऊ नको." मी रीतसर पावती लिहून दिली. तिच्यावर त्यांनी सुपारी कातरली.

मग आमचे रविवार गेले. गाडी माझी, पेट्रोल माझं, वर्धा रोडवरची फार्महाऊसं त्यांनी हेरलेली. कुठे गाडी पत्र्याखाली, कुठे झाडाखाली, एका ठिकाणी तर तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी कागदपत्रं मागायचो. दिवाकरराव हात मागे बांधून एक फेरी मारायचे आणि मालकाला म्हणायचे, "रंग धुण्यात जाईन हा." मालक बिचारा बघतच राहायचा. एका गाडीचा पोत बरा नव्हता, एक 'काठापाशी विरली' होती. परत येताना मी चिडून सांगायचो की हे कापड नाही, लोखंड आहे. "दोन्ही विणलेलंच असते," असं ते म्हणायचे. याला काहीही अर्थ नव्हता.

दरम्यान फुटलेल्या कपांची संख्या वाढत होती. वर्ष कुणासाठी थांबत नव्हतं आणि ते मात्र आरामात गाड्या नापसंत करत होते.

शेवटी कन्हानला एका जुन्या ठेकेदाराकडे गाडी असल्याचं कळलं. कधीतरी एका खाणीच्या साहेबाची होती म्हणे. फोनवर ठेकेदाराने तीन सांगितले होते, आणि अडीचला तुटेल असा माझा अंदाज होता. शेडमध्ये अंधार होता. दिवाकररावांनी हात मागे बांधले, मान वाकवली, डोळे बारीक केले. काही दिसेना. ते आणखी पुढे सरकले. मग मी पाहिलं, त्यांचा उजवा हात सुटला आणि हळूच बोनेटवर जाऊन बसला. तिथून मडगार्डवर, तिथून दारावर. दाराच्या वरच्या कडेवरून तो हात असा फिरला, की दुकानात अस्सल रेशमावरूनही मी तो तसा फिरलेला पाहिला नव्हता.

"वा," ते म्हणाले.

ठेकेदार कच्चा नव्हता. तो लगेच म्हणाला, "आता काय हाय भाऊ, कालच एक पार्टी येऊन गेली. साडेतीनच्या खाली परवडत नाही."

"देऊन टाक गा साडूभाऊ."

"तीनच्या वर नाही. तुम्हीच सांगितलं होतं."

"तवा मले ही दिसली नव्हती!"

"आताही दिसलेली नाही. अंधार आहे."

ते रडले नाहीत, पण रडण्याच्या बेतात होते, आणि ठेकेदार आमच्याकडे मजेत बघत होता. मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. अंगणात घरातल्या बायकांची चर्चा चालली होती: नातीचं लग्न तोंडावर आलंय आणि बस्ता अजून बांधलेला नाही, लग्नाचे कपडे कुठून घ्यायचे. परतीच्या वाटेवर दिवाकरराव तोंड फिरवून बसले. कामठी ओलांडल्यावर मात्र अचानक म्हणाले, "बस्ता बाकी हाय त्यायचा."

पुढच्या आठवड्यात दिवाकररावांच्या निरोपावरून ठेकेदाराचं सगळं कुटुंब गांधीबागेतल्या गादीवर बसलेलं होतं. मला साक्षीला बोलावून कोपऱ्यात बसवलं होतं. दिवाकररावांनी पहिला शालू उलगडला आणि नवरीच्या खांद्यावर टाकला. दुसरा आजीच्या मांडीवर. "घेऊ नका माय. नुसता पोत पाहा." असं करत मानाच्या साड्या झाल्या, मामांची कापडं झाली, व्याह्यांचे फेटे झाले. बिल ऐंशी हजारांच्या घरात गेलं. ठेकेदाराने खिशात हात घातला, तसे दिवाकरराव म्हणाले, "पैसे राहू द्या ना भाऊ. गाडीत वळते करून टाका."

ठेकेदार हसला, मग त्याला हसू आवरावं लागलं. "असं कसं जमन?"

"नाही जमत तं राहिलं. ठेवा साड्या वापस."

साड्या परत ठेवायला एकही बाई तयार नव्हती. आजीने मांडीवरच्या शालूवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "अहो, ते डबडं शेडमध्ये सडून राहिलं अन् तुमी कायले घासाघीस करता?" विषय संपला. साडेतीनातले उरलेले दोन सत्तर मी माझ्याकडच्या तीन लाखांतून भरले. नंतर दुकानाबाहेर मी दिवाकररावांना समजावू लागलो की ऐंशी हजारांचं कापडही तुम्ही कुठून तरी विकतच आणलेलं असतं, तेव्हा गाडी साडेतीनलाच पडली. ते म्हणाले, "पैसा म्हणजे पैसा गा. कापड म्हणजे कापड." एवढा वेडा युक्तिवाद मी कार्यालयातसुद्धा ऐकलेला नाही.

पुढे दुरुस्ती. एक भाग परदेशातून आला, तो चुकीचा आला, पुन्हा मागवला. मी मिस्त्रीच्या मागे लागायचो आणि हे त्याला चहा पाजून सांगायचे, "सावकाश होऊ दे." मी विचारलं, घाई तुम्हाला असायला हवी की मला? "तुले," ते म्हणाले. "तुले सवय हाय." नलूताई कपाळावर हात मारून घ्यायच्या. "यायच्या नादी लागू नको वं," असं त्या माझ्या बायकोला सांगायच्या, "अन् तुह्या नवऱ्यालेही लागू देऊ नको." तोवर उशीर झाला होता.

दसऱ्याला गाडी मनीषनगरला त्यांच्या इमारतीखाली उभी होती. लाल, टप पाडलेला, बोनेटवर झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं. दिवाकरराव स्टिअरिंगशी बसले, मी शेजारी. नलूताईंनी ओवाळलं. गाडी सुरू झाली, लिंबं फुटली, वरच्या गॅलऱ्यांमधून लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही फाटकाशी आलो आणि एक दूधवाला करकचून ब्रेक मारत बोनेटपासून हातभर अंतरावर थांबला.

"ओ काका! झोपून राहिले का?"

दिवाकररावांनी इंजिन बंद केलं. "कोन्या बाजूनं आला गा तो?"

"डावीकडून."

"हूं." ते उतरले, गाडीच्या कडेवर हात ठेवून चाचपत माझ्या बाजूला आले. "सरक तिकडं. तू चालव."

मला खरंच संताप आला. इतके रविवार, इतकी पायपीट, तो बस्ता, तो परदेशी भाग आणि चालवली किती, तर जिन्यापासून फाटकापर्यंत! मी तसं म्हणालोही. ते शेजारी बसले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "कापड संपलं तिथं कैची थांबवा लागते, साडूभाऊ." मी गाडी सुरू केली.

त्यानंतर दर रविवारी मी ती गाडी कन्हानच्या पुलापर्यंत नेऊन आणू लागलो. ते डावा हात दाराबाहेर सोडून, पत्र्यावर तळवा टेकवून बसत आणि सतत सूचना करत. "थरथरून राहिली, गिअर बदल." "टाक ना ट्रकच्या पुढं, कायले मागं राहतो?" ज्यांना ट्रक अर्धाच दिसत होता, ते मला ओव्हरटेक करायला सांगत होते.

गेल्या वर्षी दुकान पुतण्याला देऊन ती दोघं मुलीकडे पुण्याला गेली. जाताना गाडीची चावी माझ्या हातात ठेवून ते म्हणाले, "विकून टाक. गिऱ्हाईक आलं का त्याले हात लावू दे. तू लावू नको."

फोन मात्र रविवारी येतोच.

"गेली का गा?"

"नाही. एक जण आला होता. धूर सोडते, ते मी त्याला सांगितलं."

"अन् टप गळते ते?"

"तेही सांगितलं. व्यवहारात लपवाछपवी नको."

"बराबर हाय. उभीच ठेवतो का चालवतो?"

"बॅटरी उतरू नये म्हणून पुलापर्यंत नेऊन आणतो."

"टप लावून का पाडून?"

"पाडून."

पलीकडे ते बराच वेळ हसत राहिले. "मंग भेटलं ना गा गिऱ्हाईक!"

मी भडकलो. म्हटलं, असं फुकटाचं मला चालणार नाही. काय तो भाव बोला, पैसे भरतो, रीतसर कागद करू.

"कर ना. पन ध्यानात ठेव," ते म्हणाले, "मी रडलो तरी तीनच्या वर देऊ नको."