दोघांची एक नातेवाईक

कळंबच्या आमच्या गल्लीत मिरची कांडपाची गिरणी आहे, सुमनकाकूंची. ती सुरू झाली की सगळी गल्ली शिंकते, आणि काकू कुणाची माफी मागत नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ राजपाल मनोरुग्णालयात. दर दुसऱ्या शनिवारी दोन एसट्या बदलून काकू त्याला शेंगाची चटणी-भाकरी घेऊन जायच्या.

कोरोना आला, भेटी बंद झाल्या. नियम निघाला : आठवड्याला दहा मिनिटं, व्हिडिओवर. काकूंकडं बटनाचा फोन, म्हणून माझा घेतला.

फोन लागला नि काकूंनी तो सवयीनं कानाला लावला. तिकडं राजपालला नुसता कान.

"ताई, कानात काडी का घातलीस?"

कुडीची फिरकी हरवलेली, सोनाराचं दुकान बंद. भोक बुजू नये म्हणून कडुलिंबाची काडी. काकू चाट पडल्या. "एवढ्या लांबून वळखलं. सुधारलाय बघ."

मी खरं ते सांगितलं : फोन कानाला लावलाय, त्याला नुसता कानच दिसतोय.

"असू दे. तोंड बघून तरी काय लई मिळतंय," म्हणाल्या, आणि पुढच्या आठवड्यातही कानच दाखवला.

एकदा राजपाल म्हणाला, "बाजूच्या खाटेवरच्या माणिकप्पाला फोनच येत न्हाय. त्याच्या घरी बी बटनाचाच हाय."

काकूंनी सिस्टरला फोनवर घेतलं. "माझ्यातली पाच मिनिटं त्याला द्या."

"नातेवाईकच लागतो, मावशी."

"मग बहीण लिवा."

"आडनाव वेगळं आहे तुमचं."

"राजपालचं बी वेगळंच हाय की. लगीन झालंय माझं."

सिस्टर हसली आणि तिनं लिहून घेतलं. तेव्हापासून माणिकप्पाही पाच मिनिटं कानाशी बोलू लागला.

भेटी उघडल्या तेव्हा दारावर नवी पाटी : एका रुग्णाला एकच नातेवाईक. काकू दोन डबे घेऊन उभ्या.

"दोघांना कसं भेटता?" शिपायानं अडवलं.

"मोजा की. राजपालला एक, माणिकप्पाला एक. दोन्ही मीच."

शिपायानं पाटी पुन्हा वाचली आणि दार उघडलं.

वर्षभर फोन पुरवणारा मी मात्र नियमानं बाहेर. जाळीतून पाहिलं : माणिकप्पानं डबा उघडलासुद्धा होता. राजपालनं काकूंची हनुवटी धरून तोंड बाजूला वळवलं, कान निरखला. कुडी जागेवर होती. मग तो जेवायला बसला.