हॅनाच्या आजीचं गाव

इंग्लंडमधल्या स्टॅनमोरच्या सुमेधाबाई टिपणीस यांनी तीस वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्समध्ये काढली. एकाच नावाचे सात पेशंट असले तरी त्यांच्या हातून फाईल कधी चुकली नाही. नवरा गेला, निवृत्ती आली, आणि त्यांना उरला जवळच हॅरोला राहणारा मुलगा आर्यन, सून हॅना आणि पाच वर्षांची नात निधी. शाळा सुटली की निधी आजीकडे. बाईंचा दिवस खरं तर दुपारी साडेतीनलाच उजाडायचा.

हॅनाची आजी लोटे ही नाझींच्या तावडीतून दहाव्या वर्षी एकटीच इंग्लंडला आलेली जर्मन ज्यू मुलगी. तिचा जन्मदाखला मिळाला तर, नाझींनी हिरावलेलं नागरिकत्व परत मागून, हॅनाला आणि निधीला जर्मन पासपोर्ट मिळणार होता. पण कागदोपत्री गाव नुसतंच ‘नॉयडॉर्फ’. दोन वर्षं पत्रं लिहून हॅना रडकुंडीला आली.

‘आई, तू ट्राय करशील का? जस्ट एअरपोर्टला युरोपवाल्यांच्या छोट्या क्यूसाठी पाहिजे,’ आर्यन म्हणाला.

बाईंनी कंबर कसली. नॉयडॉर्फ म्हणजे नवं गाव, तिकडे पैशाला पासरी. आपल्याकडे वडगाव म्हटलं की तालुका विचारावा लागतो, बुद्रुक की खुर्द तेही विचारावं लागतं, तसंच ते. हॅना आजच्या जर्मनीच्या नकाशात शोधत बसली होती. लोटेचा मुलूख युद्धानंतर पोलंडमध्ये गेला, गावांची नावं बदलली, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. बाईंनी लोटेच्या जन्मकाळची गावांची यादी मिळवली, तिच्या शाळेच्या दाखल्यावरचा पुसट शिक्का भिंगातून वाचला. तालुका ग्रोटकाऊ. त्या तालुक्यातलं ते धाकटं, क्लाइन नॉयडॉर्फ. थोरलं शेजारच्या तालुक्यात. वहीत त्यांनी शिस्तीत लिहिलं: गाव, तालुका, प्रांत, आणि खाली आजचं पोलिश नाव.

फोन करणार तेवढ्यात निधी म्हणाली, ‘आजी, बर्लिनमध्ये माझा रूम पिंक होणार!’

पासपोर्ट आला की बर्लिन, हे घरात कधीच ठरलं होतं. बाईंनाच तेवढं सांगितलं नव्हतं.

आठ दिवस वही कपाटात राहिली. थोरलं लिहून दिलं असतं तर तिथे लोटेचा जन्म सापडला नसता आणि कुणाला कळलंही नसतं. बाईंनी त्यासाठी पेन उचललं होतं, हे त्या स्वतःशी कबूल करतात. पण इतक्या वर्षांत चुकीची फाईल दिली नव्हती, ती आता कशी देणार? धाकटं होतं, धाकटंच लिहून दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दाखला दोन महिन्यांत आला, पासपोर्टला वर्ष लागलं. वर्षभर मुलाने बर्लिनचा विषय काढला नाही, आणि मानी बाईंनीही काढला नाही. निधीला मात्र त्या रोज वरणभात भरवत राहिल्या, ती हाताने जेवण्याएवढी मोठी झाली होती तरी.

निघायच्या आदल्या दिवशी आर्यन मोठी फ्रेम घेऊन आला. दोन्ही घरांची वंशावळ, रंगीत छापलेली.

‘आई, हे तुझ्यासाठी. सगळा मेहनत तुझाच आहे ना.’

लोटेच्या नावाखाली बाईंची ओळ जशीच्या तशी होती, प्रांतासकट. मग त्यांनी स्वतःचं नाव शोधलं. जन्मस्थळ: इंडिया.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘आर्यन, माझं गाव कुठलं रे?’

तो हसला. ‘पुणे ना?’

पुणं त्याच्या बाबांचं होतं.