मिस्त्रीच्या आईचं नाव

पितृपंधरवडा आला की करावे गावातली ती कौलारू खोली मला हटकून आठवते. खात्यात तीस वर्षं काढली, खून पाहिले, दरोडे पाहिले. पण इतकं एकटं पाडणारं प्रकरण दुसरं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नवी मुंबईत पोलीस निरीक्षक होतो. बायको-मुलं साताऱ्याला आणि मी सानपाड्याच्या क्वार्टरमध्ये डबा उघडून भिंतीकडे बघत जेवणारा. एके दिवशी वरिष्ठांनी दिल्लीहून आलेली फाइल हातात ठेवली. युरोपातला एक देश युद्धात फुटला होता. तिथल्या एका गावातली माणसं शाळेत कोंडून मारल्याचा आरोप असलेला लष्करी अधिकारी जहाजावरून पसार झाला होता, आणि युद्धगुन्ह्यांच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला तो हवा होता. फाइलमध्ये दाढीवाल्या माणसाचा धूसर फोटो, त्याच्या आईवडिलांची नावं आणि मारल्या गेलेल्यांची तीन पानी यादी. बोटांचे ठसे नव्हते.

खबर न्हावा शेव्याहून आली. बंदरावरचा, लोकांचा माल कस्टममधून सोडवून देणारा एक क्लिअरिंग एजंट म्हणाला, "साहेब, एक गोरा मिस्त्री आहे. थंड कंटेनर रिपेर करतो, काम एक नंबर. पण गेटपासच्या फोटोचं नाव काढलं की गायब! तीनदा झालं असं."

हा मिस्त्री करावे गावात एका कोळणीकडे भाड्याने राहत होता. दाढी नाही, अंगाने निम्मा झालेला. पासपोर्टवर नाव वेगळं, परदेशी नागरिकांच्या नोंदणी अर्जात आईवडिलांची नावंही वेगळी. तात्पुरत्या अटकेच्या वॉरंटवर त्याला कोठडीत घेतलं. माझं काम एवढंच, की हाच तो माणूस हे सिद्ध करायचं. गुन्ह्याबद्दल काही विचारायचं नाही, ते तिकडचं न्यायालय बघणार. ओळख पटली नाही तर मुदत संपताच त्याला सोडावं लागणार होतं, आणि बंदरावरच्या माणसाला जहाज मिळायला कितीसा वेळ लागतो?

दोन दिवस विचारपूस केली. मोडक्या हिंदीत एकच उत्तर, "मैं वो आदमी नहीं, साहब." राग नाही, घाम नाही. खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. हा मोजकंच बोलायचा, त्यामुळे माझीच खात्री डळमळायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी साध्या कपड्यांत त्या कोळणीकडे गेलो. पन्नाशीची विधवा, मूलबाळ नाही, नेरूळच्या बाजारात मासळी विकायची. मला वाटलं, शिव्या घालेल. तिने चहा दिला.

"मिस्त्रीला कदी सोडनार, साहेब?"

"बघू. मावशी, त्याला तिकडे कोण आहे?"

"कोन नाय. आय होती, ती पन गेली. मी पितरांचा घास ठेवते ना कौलावर, मालकाचा, सासूचा, त्यात त्याच्या आयचा पन ठेवते. दोन वर्सं झाली. नाव घेऊनच ठेवायला लागतं. त्यो नुसता हात जोडून हुबा ऱ्हातो."

"काय नाव घेता?"

तिने न अडखळता सांगितलं. दिल्लीच्या फाइलमधलंच नाव, जसंच्या तसं. या माणसाने स्वतःचं नाव, गाव, बाप, सगळं खोटं लिहिलं होतं. पण पितरांच्या पानावर आईचं नाव खोटं सांगायला त्याची जीभ धजली नव्हती.

मला आनंद झाला, नाही कशाला म्हणू! तिथेच तिचा जबाब नोंदवला. का विचारतोय, ते मात्र सांगितलं नाही. जबाब दिला की मिस्त्री सुटेल, अशा समजुतीने ती दारापर्यंत पोचवायला आली.

कोठडीत जाऊन मी त्याच्यासमोर ते नाव उच्चारलं. तो उठून गजांजवळ आला.

"बाई ने बोला?"

मी मान डोलावली.

"बाई को मत बताना," म्हणाला, आणि मग त्याने स्वतःचं खरं नाव सांगितलं. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही. पण हेच तो पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही बोलला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. मी क्वार्टरवर आलो, डबा उघडला, आणि हे सांगायला समोर कोणीच नव्हतं.

सुनावणीसाठी दिल्लीला त्याला मीच घेऊन गेलो. वाटेत त्याने एकदाच विचारलं, "साहब, उधर स्कूल में क्या हुआ, आप पूछेगा नहीं?"

"मुझे इजाज़त नहीं," मी म्हणालो. खरं म्हणजे ऐकायची हिंमत नव्हती.

काही महिन्यांनी त्याला न्यायालयाच्या स्वाधीन केलं. पेपरात आलं, गावाने कोळणीला वाचून दाखवलं. मी करावेकडची वाट टाळत राहिलो. पुढच्या पितृपंधरवड्यात तीच पोलीस ठाण्यात आली, मासळीची टोपली पायरीवर ठेवून. मी खुर्चीतून उठलो.

"माज्या तोंडातनं नाव काढून घेतलंत. कशापायी, ते सांगायचं तरी व्हतं."

"चुकलं, मावशी."

"जाऊ दे. ज्यांना मारलं, त्यांची नावं हायेत का तुमच्याकडं?"

"आहेत. कशाला?"

"त्यांचा घास कोन ठेवनार? घरंच्या घरं गेली म्हनतात."

यादी कोर्टात दाखल झाली होती, त्यामुळे ती आता गुपित नव्हती. सर्वपित्रीला मी ती घेऊन गेलो. तिने अंगणात केळीचं एक मोठं पान मांडलं. मी नाव वाचायचो, ती माझ्यामागून जमेल तसं म्हणायची. एकाच आडनावाची नऊ माणसं ओळीने आली, तेव्हा मी थांबून ती पुन्हा मोजली. इतके महिने ती फाइल माझ्या टेबलावर होती, आणि मी ती यादी एकदाही शेवटपर्यंत वाचली नव्हती. ओळख पटवायला त्या नावांचा उपयोग नव्हता ना! नियमाने जेवढं विचारायचं तेवढंच मी नोकरीभर विचारत आलो, हे मला त्या अंगणात कळलं. आजही ते टोचतं.

शेवटचं नाव झालं. तिने कोणी न सांगता मिस्त्रीच्या आईचं नाव घेतलं आणि आणखी एक घास वाढला.

"त्यो जिता हाय ना?"

"आहे. तिकडच्या तुरुंगात."

"मंग त्याचा नको," ती म्हणाली आणि पान उचलून कौलाकडे निघाली. शिडी मी धरली.